दोऱ्याच्या खालची अर्धी बाटली

वसंता, ती बाटली भिकार निघाली.

आधी हेच सांगून टाकतो. तुला जाऊन सोळा दिवस झाले, आणि या सोळा दिवसांत लोकांनी तुझ्याबद्दल जे काही लिहून पाठवलं ते मी मोबाइलवर वाचतो आहे. हसतमुख, मनमिळाऊ, फुलासारखं जगलेला माणूस. तू आणि मनमिळाऊ! अकोल्याच्या फूलबाजारात सकाळी सकाळी तुझ्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. एकाने हात जोडलेल्या चित्राखाली तुझं आडनाव चुकवलं, आणि पुढच्या चाळीस जणांनी ते चित्र तसंच्या तसं पुढे ढकललं. मला त्याची शिसारी आली. पण खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला माझीच शिसारी जास्त आली आहे, आणि तिचं कारण ती बाटली आहे.

ती आलीच नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ती आली होती. गेल्या दिवाळीतच आली होती, आणि आठ महिने माझ्या कपाटात स्वेटरांच्या मागे उभी होती.

तुला आठवत असेल, हे प्रकरण तुझ्यासमोरच सुरू झालं. मेघा अमेरिकेतून व्हिडिओ कॉलवर होती आणि तू नेमका अमरावतीला माझ्या घरी आलेला होतास. माझी लेक सांगत होती की तिच्या गावाबाहेर एक क्राफ्ट डिस्टिलरी आहे, तिथे अमेरिकन सिंगल माल्ट व्हिस्की बनवतात, आणि ती नवऱ्यासोबत ते सगळं बघून आली. तू माझ्या हातातून फोन ओढून घेतलास.

"क्राफ्ट म्हंजे काय वं?"

"मोठी कंपनी नाही हो काका. चार-पाच माणसं मिळून छोट्या भट्टीवर स्वतः करतात."

"मंग हातभट्टीच म्हन ना! आमच्या इकडं तिले पोलीस धरून नेते, तुमच्या इकडं पाहाले तिकीट काढते."

मेघा इतकी हसली की तिच्या हातून फोन पडला. मग म्हणाली, "काका, पुढच्या वेळी येताना एक बाटली आणते. अर्धी तुमची, अर्धी बाबांची." आणि तू लगेच म्हणालास, "दोरा मी आनतो."

दोरा म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. अकोल्याला शिकताना आपण एका खोलीत राहायचो, तू कृषी विद्यापीठात आणि मी कॉलेजात रसायनशास्त्राला. आयुष्यातली पहिली बाटली आणली तेव्हा तू खिशातून हार ओवायचा दोरा काढलास, बाटलीच्या पोटावर बोटं टेकवून अर्धं मोजलंस आणि तिथे दोरा गुंडाळून गाठ मारलीस. दोऱ्यापर्यंत मी यजमान, दोऱ्याखाली तू. मी ओतत जायचो, आणि पातळी दोऱ्याला टेकली की तू बाटली माझ्या हातातून काढून घ्यायचास आणि म्हणायचास, "आता माह्याकडून." पुढे तू शिक्षण सोडून हिवरखेडला घरच्या फुलांच्या वावरात गेलास, मी अमरावतीत मास्तर झालो, पण दोऱ्याचा नेम मोडला नाही. मास्तर हे नाव मात्र तू मला त्या खोलीतच ठेवलं होतंस, कारण मी प्रत्येक गोष्टीवर भाषण देतो म्हणून.

भाषणाचीच सवय नडली. निवृत्तीनंतर मला हा चाखण्याचा नाद लागला. निमुळत्या तोंडाचे ग्लास आणले. व्हिस्की आधी हुंगायची, मग जिभेवर घोळवायची, मग दोन थेंब पाणी घालून पुन्हा हुंगायची, आणि वहीत लिहायचं. व्हॅनिला, सुकं जर्दाळू, ओल्या लाकडाचा वास. चार वर्षांपूर्वी मी तुला माझ्याकडची सगळ्यात चांगली स्कॉच दिली. तू तिच्यात काळं कोल्ड्रिंक ओतलंस, सांडगी मिरची कडाकड चावलीस आणि म्हणालास, "गोड लागून राहिली बे. खोकल्याच्या औषधावानी." मी वहीत डोकं घातलं, तर वर म्हणालास, "मास्तर, दारू पिऊन राहिला का पेपर तपासून राहिला?"

त्या दिवशी आपलं भांडण झालं. मी म्हणालो, वास ओळखायला शिकावं लागतं, नाक तयार करावं लागतं. तू म्हणालास, "नाक देवानं सगळ्यायले देल्लं हाय, तुले एकट्याले नाई." मी म्हणालो, तुला नाही कळायचं. तू गप्प झालास. तू गप्प होणं म्हणजे काय ते मला चाळीस वर्षं माहीत होतं, तरी मी सॉरी म्हणालो नाही. ते भांडण तसंच राहिलं, आणि आता ते मिटवायला समोर कुणी नाही.

बाटली आली ती फुलांच्या हंगामात. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तुला मान वर करायला वेळ नसायचा, त्यामुळे मेघा पंधरा दिवस राहून गेली तरी तुझी-तिची भेट झाली नाही. जाताना तिने बाटली माझ्या हातात दिली. लांब गोल पुठ्ठ्याच्या डब्यात होती, डब्यावर तांबड्या डोंगराचं चित्र. म्हणाली, "बाबा, ही तुमची एकट्याची नाही हं. काकांना समोर बसवूनच फोडायची." मी हो म्हणालो. मनात मात्र ठरलं होतं. अशी वस्तू तुझ्या मिरच्यांपुढे आणि कोल्ड्रिंकपुढे ठेवायची नाही. मी आधी एकटा नीट चाखणार, वहीत लिहिणार, मग उरलीसुरली तुझ्यासमोर आणणार.

मेघा गेली त्याच आठवड्यात तुझा फोन आला. "आली का रे बाटली?"

"नाही रे. सामानाचं वजन जास्त झालं, तिकडेच काढून ठेवावी लागली."

किती सहज बोललो मी. माझी जीभसुद्धा अडखळली नाही. पुढे मेघाने विचारलं तेव्हा तिला सांगितलं, हो, बसलो होतो दोघं, काकांना फार आवडली. ती तुला फोन करून विचारेल या भीतीने हेही सांगितलं की काकांना आताशा फोनवर नीट ऐकू येत नाही. तुला! दोन वावरं पलीकडचं बोलणं ऐकून उत्तर देणाऱ्या माणसाला मी बहिरं केलं.

आणि तरी मी ती बाटली फोडली नाही. एकट्याने फोडायचं धाडस नव्हतं आणि तुला बोलवायची इच्छा नव्हती.

एक गोष्ट तुझ्याजवळ मी कधी बोललो नाही. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तेव्हा आईने तुला ज्या कपात चहा दिला, तो नंतर तिने आमच्या कपांत ठेवला नाही. मागच्या अंगणातल्या कोनाड्यात पालथा घातला. तुझ्यासाठी तो एक वेगळा कप होता. मी पाहिलं आणि आईशी भांडलो. दोन दिवस जेवलो नाही. भिक्षुकी करणाऱ्या घरात त्या काळी ही मोठीच गोष्ट होती, आणि मला आयुष्यभर तिचा अभिमान वाटत आला. तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. तू त्या कपातून चहा पीत राहिलास. आईला निदान तिच्या आईने शिकवलं होतं. मला काय कुणी शिकवलं होतं? तिने कप वेगळा ठेवला आणि मी बाटली वेगळी ठेवली. मला हे कपाटापुढे उभं असताना एकदाही सुचलं नाही, याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

तू गेलास त्या दिवशी मी हिवरखेडला पोहोचलो तेव्हा सगळी तयारी झालेली होती. सरणाला बाभळीची लाकडं होती आणि पेट घ्यायला खाली वेड्या बाभळीच्या काटक्या. धूर अंगावर येत होता, मी बाजूला झालो नाही. अमरावतीला परत आलो तर मेघाचा फोन. ती रडत होती. रडता रडता म्हणाली, "बाबा, एक बरं झालं. निदान ती बाटली तरी तुम्ही दोघांनी सोबत प्यायलात."

मी हो म्हणालो. त्या दिवशीही हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला मी बाटली काढली. तुला श्रद्धांजली म्हणून नीट विधिवत चाखायची, असं ठरवलं. श्रद्धांजली! निमुळता ग्लास पुसला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, खिडकीशी बसलो. रंग गडद, चहासारखा. ग्लास नाकाशी नेला आणि मला एकदम तुझं सरण आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. तोच वास होता. दोन दिवसांपूर्वी धुवायला टाकलेल्या माझ्या शर्टाला होता तोच. घोट घेतला, तर आधी नुसती आग, मग जळकट कडवटपणा, आणि गिळल्यावर घशात राखेची चव जी जाता जाईना. दोन थेंब पाणी घातलं. आणखी वाईट झाली. मी उठलो आणि ग्लास मोरीत ओतला, आणि मोरीतूनही तोच वास येत राहिला.

बाटलीच्या गळ्याला एक कार्ड होतं, ते चष्मा लावून वाचलं. या व्हिस्कीचे जव मेस्काइट नावाच्या झाडाच्या लाकडावर धुरी देऊन वाळवतात, ही तिथली खासियत, असं मोठ्या कौतुकाने लिहिलेलं. मेस्काइट म्हणजे काय ते मोबाइलवर शोधलं. झाडाचा फोटो पाहिला, वसंता, आणि कपाळावर हात मारला. आपली वेडी बाभूळ. तिचीच सख्खी बहीण. जी नाल्याकाठी माजते, जिला शेळीसुद्धा तोंड लावताना विचार करते, जी तू वावरातल्या चुलीत जाळायचास आणि जिच्या धुराने माझे डोळे चुरचुरले की खो खो हसायचास. तुझ्यापासून आठ महिने जपून ठेवली ती ही वस्तू. मी कार्ड वाचून, फोटो पाहून जे ओळखलं ते तू बूच काढताक्षणी सांगितलं असतंस. झेंडूच्या पोत्यात नाक घालून कालचा माल कोणता आणि आजचा कोणता ते सांगायचास तू. आपल्या दोघांत नाक तुझ्याकडेच होतं. माझ्याकडे फक्त वही होती. ती मी त्या दुपारी फाडली, आणि फाडतानाही मला वाटलं की हे आपण कुणालातरी दाखवायला करतो आहोत.

तेरवीला आलो. मांडवात तुझा मोठा फोटो ठेवला होता आणि त्याला प्लास्टिकचा हार घातला होता. वसंता, तुझ्या फोटोला प्लास्टिकचा झेंडू! कुणा शहाण्याने आणला होता देव जाणे, म्हणे सुकत नाही. लोक येत होते, हात जोडत होते, बुंदी वाढून घेत होते, आणि एकाच्याही डोळ्यांना ते खुपत नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी पुढे होऊन तो हार ओढून काढला. सगळे बघत राहिले. तुझी बायको आत होती, ती बाहेर आली, माझ्या हातातला हार पाहिला आणि मागच्या वावरात गेली. पदरात थोडी फुलं घेऊन आली आणि तिथेच बसून ओवायला लागली. मी शेजारी बसलो. फुलं निवडून तिच्या हातात देत गेलो.

हार घालून झाल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, थांबा जरा. तुमचा डबा नेजा."

आतून तिने डबा आणला. लांब, गोल, पुठ्ठ्याचा. त्यावर तांबडा डोंगर.

मी तो डबा दिवाळीत माळ्यावर टाकला होता, कपाटात मावत नव्हता म्हणून. आमच्या सुमनला, तुझ्या वहिनीला, तर तू ओळखतोस. घट्ट झाकणाचा डबा ती आयुष्यात टाकून देणार नाही. वैशाखात तू कुणाच्या लग्नाचा मांडव सजवायला अमरावतीला आला होतास आणि तासभर घरी टेकला होतास. मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात सुमनने माळ्यावरून तो डबा काढून, पुसून, तिच्या हातच्या शेवया घालून तुझ्या पिशवीत ठेवला. लांब शेवया मोडू नयेत म्हणून लांब डबा. मला तिने सांगितलंसुद्धा नाही, त्यात सांगण्यासारखं काय होतं?

तुला इंग्रजी वाचता येत होतं. अमेरिकन सिंगल माल्ट, एवढं मोठ्या अक्षरात डब्यावर लिहिलेलं आहे.

"वहिनी," मी म्हणालो, "वसंताला कळलं होतं?"

"त्याच दिशी. शेवया काढल्या आन डबा हातात घेऊन लय वेळ बसले. मंग हासले."

"हसला?"

"व्हय. मी म्हनलं, भाऊजीले फोन करून इचारा ना, कावून सांगलं नाई म्हून. तं म्हने, नाई, थो सोता सांगन. त्याले जड जाऊन राहिलं असन, टाइम दे."

तिने डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत सांडग्या मिरच्या होत्या, मेथी-धणे भरून उन्हात कडक वाळवलेल्या, एकेक उभी लावलेली, काठोकाठ. "डबा रिकामा वापस देत नाईत म्हने. थ्यायनं सोता भरल्या. मले हात लावू देल्ला नाई. मास्तर बाटली फोडन त्या दिशी नेतो म्हने."

झाकणावरून हार ओवायचा दोरा गुंडाळलेला होता.

वसंता, जूनमध्ये तू मला दोनदा फोन केलास. दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून झाल्यावर विचारलंस, "आली का रे बाटली?" आणि मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. तेव्हा डबा तुझ्या घरात होता, मिरच्या भरून तयार होत्या. तू मला विचारत नव्हतास, तू मला संधी देत होतास, आणि मी तुझ्याशी खोटं बोलत राहिलो. दुसऱ्या वेळी तू म्हणालास, "जाऊ दे बाटली. तू ये एखांद दिशी." मी म्हणालो, पाहू, गुडघे दुखतात. ते आपलं शेवटचं बोलणं. शिव्या दिल्या असत्यास तर मला आज बरं वाटलं असतं. तू मोठेपणा दाखवून गेलास आणि त्याचा मला राग येतो. कृतज्ञता वाटते असं लिहायची पद्धत आहे. वाटते, रे. पण आधी राग येतो.

घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवला आणि सुमनला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं?" आणि कढई ठेवून मिरच्या तळायला लागली.

मग मेघाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिलाही सांगितलं, बाटलीचं, ऐकू येत नाही म्हटल्याचं, सगळं.

"मला कशाला सांगता, बाबा?" ती म्हणाली. "काकांना सांगायचं होतं."

म्हणून हे लिहितो आहे.

डब्याचा दोरा मी सोडवला आणि बाटलीच्या पोटावर बोटं टेकवून अर्धं मोजलं. मोरीत ओतलेली माझ्यातच धरली. तिथे गाठ मारली, तुझ्यासारखी घट्ट नाही जमली. गेले तीन दिवस रोज संध्याकाळी पितो आहे. निमुळता ग्लास नाही, स्टीलचा पेला, वर काळं कोल्ड्रिंक, आणि तुझी मिरची. चव सुधारली वगैरे काही नाही, उगीच खोटं कशाला बोलू. ती तशीच भिकार आहे, प्रत्येक घोटाला तोच धूर घशात येतो आणि उलटी येईल असं वाटतं. पण मिरची तिच्याबरोबर फार चांगली लागते. हेही तुझंच बरोबर होतं.

आज पातळी दोऱ्याला टेकली. माझी संपली. मी बाटली टेबलावर तुझ्या बाजूला सरकवली आणि हात मागे घेऊन बसलो आहे.

आता तुझ्याकडून.